झाडांमधून वाट काढणारी तबकडी

आज मी तुम्हाला एका वेगळ्याच खेळाची ओळख करून देणार आहे. या खेळाला सपाट मैदान लागत नाही, जाळी लागत नाही, समोर प्रतिस्पर्धी नसला तरी चालतं. लागतं ते एक रान, रानातून जाणारी पायवाट आणि हातात एक तबकडी. खेळाचं नाव डिस्क गोल्फ.

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे श्रीमंत माणसं, कापलेली हिरवळ आणि काठ्यांनी भरलेली पिशवी येते. ते सगळं बाजूला ठेवा आणि लहानपणीच्या गोट्या आठवा. अंगणात एक गल खणलेली असायची आणि गोटी कमीत कमी डावांत त्या गलीत घालवायची असायची. डिस्क गोल्फमध्ये गोटीऐवजी प्लॅस्टिकची तबकडी असते आणि गलीऐवजी खांबावर लावलेली लोखंडी टोपली. ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकायची, जिथे पडेल तिथे चालत जायचं, तिथून पुन्हा फेकायची. टोपलीत पडेपर्यंत किती फेकी लागल्या ते मोजायचं. मग पुढच्या टोपलीकडे निघायचं. अशा ठरलेल्या सगळ्या टोपल्या झाल्या की एक फेरी पूर्ण. ज्याच्या फेकी सगळ्यांत कमी, तो जिंकला.

ही तबकडी आली कुठून, ते ऐकाल तर गंमत वाटेल. ती आली स्वयंपाकघरातून. १९३७ साली अमेरिकेत फ्रेड मॉरिसन नावाचा एक तरुण आणि त्याची मैत्रीण लुसील एका घरगुती समारंभानंतर मक्याच्या लाह्यांच्या डब्याचं झाकण एकमेकांकडे फेकत खेळत होते. झाकणाला पोचे पडले, तेव्हा त्यांनी केक भाजायचा पत्र्याचा थाळा घेतला. तो जास्त छान तरंगायचा. पुढच्या वर्षी सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर दोघं तो थाळा फेकत असताना एका अनोळखी माणसाने विचारलं, हा पंचवीस सेंटना देता का? दुकानात तो थाळा पाच सेंटना मिळत होता. मॉरिसनच्या डोक्यात धंद्याची कल्पना तिथेच आली. दोघांनी पुढे लग्न केलं. मॉरिसनने महायुद्धात वैमानिक म्हणून काम केलं, आणि परत आल्यावर प्लॅस्टिकची तबकडी बनवायच्या मागे लागला. १९५७ साली ‘व्हॅम-ओ’ या खेळण्यांच्या कंपनीने ती बाजारात आणली. त्याच सुमारास कंपनीला कळलं की कनेटिकट राज्यातले विद्यार्थी फ्रिस्बी नावाच्या बेकरीच्या पायचे रिकामे थाळे असेच फेकत खेळतात. तेच नाव थोडं बदलून तबकडीला चिकटलं. म्हणजे जगभरची मुलं ज्याला फ्रिस्बी म्हणतात, त्या नावामागे एक बेकरी आहे आणि त्या खेळण्यामागे केकचा थाळा.

फेकाफेकीचा गोल्फ मात्र एड हेड्रिक नावाच्या माणसामुळे रुळला. तो त्याच कंपनीत कामाला होता. तबकडीच्या पाठीवर बारीक गोल रेघा ठेवून ती हवेत स्थिर राहील अशी सुधारणा त्याने केली आणि १९६७ साली तिचं पेटंट मिळवलं. तोवर लोक झाडाचा बुंधा, दिव्याचा खांब, कचऱ्याचा डबा, जे समोर दिसेल त्यावर नेम धरून खेळत. १९७५ साली हेड्रिकने कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात पहिला कायमचा मार्ग आखला. पुढच्या वर्षी त्याने व्यावसायिक खेळाडूंची संघटना सुरू केली. पण लक्ष्य अजून खांबांचंच होतं, आणि तबकडी खांबाला लागली की नाही यावर वाद व्हायचे. म्हणून त्याने टोपली बनवली. मध्ये खांब, वरच्या कड्यापासून खाली लोंबणाऱ्या साखळ्या आणि त्यांच्याखाली जाळीची टोपली. तबकडी साखळ्यांवर आपटते, तिचा जोर तिथे जिरतो आणि ती खाली टोपलीत पडते. पडताना खळकन आवाज येतो. पैंजणांचा नव्हे, देवळातल्या घंटेचाही नव्हे, विहिरीवर लोखंडी साखळी सोडली की येतो ना, तसा. हा आवाज ऐकला की वाद उरत नाही.

हेड्रिक २००२ साली वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तबकड्या बनवण्यात आल्या. आपल्याकडे रक्षा नदीत सोडतात, याने हवेत सोडायला सांगितली.

आता मला ज्या रानाबद्दल बोलायचं आहे तिकडे वळते. कॅलिफोर्नियातच, सॅन होजेपासून डोंगर ओलांडून साधारण पन्नास किलोमीटरवर, सांता क्रूझ नावाचं समुद्रकाठचं शहर आहे. शहराच्या कडेला टेकडीवर डे लावेआगा हे उद्यान आहे आणि त्या उद्यानात १९८४ सालापासून डिस्क गोल्फचा मार्ग आहे. हा जुन्या आणि नावाजलेल्या मार्गांपैकी एक. इथे मोठ्या स्पर्धा होतात, आणि इतर दिवशी कॉलेजची मुलं, निवृत्त शिक्षक, कुत्रा घेऊन आलेली जोडपी, सगळे एकाच वाटेवरून खेळत जातात.

उद्यान म्हटलं म्हणून फुलांचे वाफे आणि कारंजी डोळ्यांपुढे आणू नका. हे रान आहे. टेकडीच्या अंगावर खोल घळी आहेत, आणि घळींच्या काठांवर ओकची झाडं. हा ओक किनाऱ्यालगतचा, बारमाही हिरवा. पानं छोटी, जाड, कडेला काटेरी. फांद्या सरळ वर न जाता वाकड्यातिकड्या पसरतात आणि कधी कधी जमिनीला टेकतात. या झाडाची फळं दळून त्या भागातल्या मूळच्या बायका पीठ करत. फळ कडू असतं, म्हणून ते पीठ पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन कडूपणा काढायचा आणि मग त्याची लापशी शिजवायची. ओकबरोबर निलगिरीही आहे. ती तिथली नव्हे. ऑस्ट्रेलियातून आपल्याकडे आली तशी तिकडेही आली. सकाळी समुद्रावरून धुकं येतं, निलगिरीची पानं ओली होतात, आणि वास असा येतो की आपल्याला सर्दीच्या औषधाची बाटली आठवावी.

या रानात एक टोपली कशी खेळायची ते सांगते. वाटेच्या सुरुवातीला सपाट ओट्यासारखी जागा केलेली असते. तिथे उभं राहून पहिली फेक करायची. टोपली कधी समोर दिसते, कधी झाडांमागे लपलेली असते, कधी घळीच्या पलीकडच्या काठावर असते. अंतर बहुतेक ठिकाणी साठ मीटरपासून दीडशे मीटरपर्यंत. चांगल्या खेळाडूने तीन फेकींत टोपली गाठावी असा साधारण हिशोब असतो. नवशिकीला पाच लागतात, सहा लागतात, त्यात काही बिघडत नाही.

पहिल्या फेकीला लांब पल्ल्याची तबकडी वापरतात. तिची कड पातळ, धारदार असते. मधल्या अंतराला मध्यम, आणि टोपलीजवळ आलं की जाड कडेची, संथ उडणारी. वजन साधारण दीडशे ते एकशे पंच्याहत्तर ग्रॅम. आकाराने आपल्या मुलांच्या फ्रिस्बीपेक्षा लहान, एखाद्या बशीपेक्षा थोडी मोठी.

आता फेकायची कशी? बघणाऱ्याला वाटतं की सगळा जोर दंडात हवा. तसं नाही. ओली साडी दोरीवर टाकण्याआधी आपण झटकतो ना, ती झटक आठवा. हात सैल असतो आणि शेवटच्या क्षणी मनगट फटकन उघडतं. तबकडी छातीजवळून ओढत आणायची आणि अशीच सोडायची. जोर येतो तो कमरेतून. जात्यावर दळलेल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. नुसत्या हाताने जातं ओढलं तर दहा मिनिटांत खांदा भरून येतो, कमरेतून ओढलं तर पायलीभर दळून होतं.

सोडलेली तबकडी दोन गोष्टींवर चालते. तिच्या आकारामुळे हवा तिला वर उचलते, आणि तिच्या फिरण्यामुळे ती कलंडत नाही. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, तसंच. वेग कमी झाला की मात्र ती एका बाजूला झुकायला लागते. उजव्या हाताने, हाताची पाठ पुढे करून फेकली, तर ती शेवटी डावीकडे वळते. तळहात पुढे करून, पाण्यावर चपटा दगड उडवतो तशी फेकली, तर उजवीकडे. हे वळण म्हणजे दोष नाही. रानात खेळायचं ते या वळणाच्याच जोरावर. समोर झाड आहे आणि टोपली त्याच्या मागे डावीकडे आहे. मग झाडाच्या उजव्या बाजूने फेकायची आणि शेवटचं वळण तबकडीवर सोपवायचं.

त्यामुळे रानातला खेळ हा ताकदीपेक्षा नजरेचा होतो. मोकळ्या माळावर ज्याचा हात लांब त्याची तबकडी लांब. पण ओकच्या दोन फांद्यांमध्ये हातभर फट आहे आणि तिच्यातूनच वाट आहे, अशा ठिकाणी ताकदीचा माणूसही थांबतो. दंडाचा जोर दाखवून फेकलेली तबकडी पहिल्याच बुंध्यावर आपटून पायाशी परत येते, आणि साठीची बाई तबकडी हळूच सोडून फट पार करते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, एकदा नव्हे, अनेकदा.

या खेळाचे नियम मला फार आवडले. त्यांतले काही सांगते. तुमची तबकडी झुडपात पडली तर पुढची फेक तिथूनच करायची. झुडूप मोडायचं नाही, फांदी हाताने बाजूला धरून ठेवायची नाही. पाय अशा ठिकाणी ठेवायचे की झाडाला कमीत कमी धक्का लागेल. तबकडी झाडावर अडकली, तर तिच्या बरोबर खाली जमिनीवर जी जागा येते तिथून खेळायचं. तबकडी हरवली तर तीन मिनिटं शोधायची, नाही सापडली तर एक फेक दंड म्हणून वाढवायची. टोपलीपासून दहा मीटरच्या आत आलात की फेकल्यावर तोल सावरून उभं राहायचं, झोक जाऊन पुढे पाऊल पडता कामा नये. रोजच्या खेळात पंच नसतो. आपल्या फेकी आपण मोजायच्या आणि खऱ्या सांगायच्या.

फांदी हलवायची नाही, या नियमामागे कारण आहे. वर्षाला हजारो माणसं एकाच रानातून तबकड्या फेकत गेली तर झाडांना इजा होतेच. बुंध्याची साल सोलवटते. टोपलीभोवतीची माती पायांनी तुडवून घट्ट होते, गवत उगवत नाही, पावसाचं पाणी मुरत नाही आणि उतारावरची माती वाहून जाते. म्हणून चांगल्या मार्गांवर टोपल्यांच्या जागा अधूनमधून बदलतात. एका जागेला विश्रांती मिळते. वाटांवर लाकडाचा भुसा, सालींचे तुकडे पसरतात. हे काम बरेचदा खेळणारेच सुट्टीच्या दिवशी येऊन करतात. खोरी, फावडी, घमेली घेऊन आलेली माणसं पाहिली की आपल्याकडच्या श्रमदानाची आठवण येते.

आता एक सावधगिरीची गोष्ट. ती नीट ऐका, कारण मुलाबाळांकडे तिकडे जाणाऱ्या बायकांना ती उपयोगी पडेल. कॅलिफोर्नियाच्या या रानांमध्ये एक झुडूप असतं, त्याला तिकडे पॉयझन ओक म्हणतात. नावात ओक असला तरी ते ओकचं भावंड नव्हे. ते आपल्या बिब्ब्याचं आणि काजूचं नातेवाईक, एकाच कुळातलं. बिब्बा उततो म्हणजे काय हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. काजूच्या टरफलातल्या तेलाने बोटं कशी सोलतात हे कोकणातल्या बायका आजही सांगतील. तसंच तेल या झुडपाच्या पानांत आणि काड्यांत असतं. ते अंगाला लागलं की एकदोन दिवसांनी खाज, लाली आणि फोड येतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. एका देठावर तीन पानं, मधलं पान थोड्या लांब दांडीवर. वसंतात पानं चकचकीत असतात, उन्हाळा सरताना लाल होतात, फार देखणी दिसतात आणि तोडाविशी वाटतात. तोडू नका. हिवाळ्यात पानं गळून नुसत्या काड्या उरतात, त्यांतही तेल असतं.

तबकडी अशा झुडपात गेली तर हात घालायचा नाही. काठीने ओढून घ्यायची. तेल तबकडीला लागलेलं असू शकतं, तिथून हाताला, हातापासून चेहऱ्याला. म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार आणि बंद बूट घालून जावं. साडी नेसून गेलात तर पदर आणि निऱ्या नेमक्या त्या झुडपांना घासतात. घरी आल्यावर साबणाने लगेच हातपाय धुवावेत, कपडे वेगळे धुवावेत आणि तबकड्याही घासून घ्याव्यात.

दुसरी सावधगिरी माणसांची. पुढे कोणी खेळत असेल किंवा वाटेने चालत असेल, तर ते दूर जाईपर्यंत फेकायचं नाही. उतारावरून सुटलेली तबकडी डोक्याला लागली तर खोक पडते. चुकून कोणाच्या दिशेने गेलीच तर मोठ्याने ‘फोर’ अशी हाक द्यायची. मागून भराभर खेळणारे आले तर बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्यायचं. नवख्या बाईला वाटतं की आपल्यामुळे सगळे खोळंबले. त्याची गरज नाही. दोन मिनिटं बाकावर बसावं, पाणी प्यावं, त्यांना जाऊ द्यावं आणि मग आपल्या चालीने खेळावं.

मी स्वतः या खेळाकडे कशी आले, तेही सांगते. आमचे हे गेल्यानंतर लेकीने मला सहा महिन्यांसाठी तिच्याकडे बोलावलं. सॅन होजेला तिचं घर. लेक आणि जावई सकाळी आठला कामावर जायचे. दिवसभर मी, टीव्ही आणि खिडकीतून दिसणारा रस्ता. त्या रस्त्यावरून चालताना माणूस दिसायचा नाही, नुसत्या गाड्या. मला गाडी चालवता येत नाही. डॉक्टरांनी साखरेसाठी रोज चालायला सांगितलं होतं, पण कुठे चालायचं आणि कोणाशी बोलायचं? तिकडे गेलेल्या किती जणींना हा अनुभव आहे, ते तुमच्यातल्या काहींना चांगलं माहीत असेल. पोरांचं काही चुकत नसतं. घर छान, सगळं हाताशी. पण दिवस जात नाही.

लेक आणि जावई रविवारी सांता क्रूझला खेळायला जायचे. लेक म्हणाली, “आई, तू नुसती चालायला ये.” पहिल्या रविवारी मी नुसती चालले. दुसऱ्या रविवारी जावयांनी एक हलकी तबकडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “ही तुमची, आई. जमली तर फेका, नाही तर पिशवीत राहू द्या.” बाकी काही शिकवायला आले नाहीत. त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. कारण नवशिक्या बाईला मैदानावर सगळ्यांत जास्त त्रास होतो तो न मागता मिळणाऱ्या सल्ल्यांचा.

दोन महिन्यांत मी अर्धी फेरी खेळायला लागले. गुडघा कुरकुरायचा, पण चढ हळू घेतला की ऐकायचा. खरी गोष्ट मात्र वेगळीच घडली. लेकीच्या मनात होतं की मी आता कायमची तिच्याकडे राहावं. ती ते बोलत नव्हती, मला कळत होतं. मला परत यायचं होतं, आणि मीही ते बोलत नव्हते. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून ही गोष्ट काढायला दोघींनाही धीर होत नव्हता. रानात चालताना माणसं समोरासमोर नसतात, शेजारी असतात. एक वाक्य बोलायचं, मग आपली पाळी आली की फेकायचं, मग तबकडीपर्यंत चालत जायचं. तेवढ्यात दुसरीला उत्तर सुचतं, किंवा राग आला असेल तर तो निवतो. जावई मुद्दामच पुढे पुढे चालायचे. चार रविवार आमचं बोलणं असं चाललं. ती म्हणाली, “तू एकटी कशी राहशील?” मी म्हटलं, “इथे दिवसभर एकटीच असते ना गं मी?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने तबकडी फेकली, ती एका फांदीला लागून खाली पडली, आणि तिकडे चालता चालता म्हणाली, “ठीक आहे. पण वर्षातून एकदा यायचं.” तेवढं ठरलं. आता मी वर्षातून एकदा जाते, आणि जाताना ती तबकडी बॅगेत असते.

हा बायकांचा खेळ आहे का, असा प्रश्न कोणी विचारेल. मार्गांवर पुरुष जास्त दिसतात, हे खरं आहे. पण बायका पहिल्यापासून या खेळात आहेत आणि उत्तम आहेत. अमेरिकेच्या ज्युलियाना कोर्व्हर आणि पेज पियर्स या दोघींनी प्रत्येकी पाच वेळा जागतिक अजिंक्यपद मिळवलं. २०२२ आणि २०२३ साली ते एस्टोनियाच्या क्रिस्टिन तातारने जिंकलं, २०२४ साली फिनलंडच्या एव्हेलिना सालोनेनने. एस्टोनिया आणि फिनलंड हे दोन्ही देश रानांनी भरलेले. तिथे गावागावांत झाडांमधून आखलेले मार्ग आहेत आणि मुली शाळेच्या वयापासून खेळतात. २०१२ साली पहिल्यांदा जगभरच्या बायकांनी आपापल्या गावी एकाच दिवशी खेळायचं असा उपक्रम झाला आणि पुढेही होत राहिला. स्पर्धांमध्ये चाळिशी, पन्नाशी, साठी, सत्तरी असे वयाचे वेगवेगळे गट असतात. म्हणजे साठीच्या बाईला विशीच्या मुलीशी झुंजायला लागत नाही. तिची गाठ तिच्या वयाच्या बाईशी.

बायकांनी बायकांबरोबर खेळायचे गटही पुष्कळ गावांत आहेत. रानात एकटीने जाण्याची भीती अमेरिकेतल्या बाईलाही असते, आपल्यालाच असते असं नाही. चारजणी मिळून गेल्या की ती भीती राहत नाही. फेरीला दोन-तीन तास लागतात आणि तेवढा वेळ त्या घराबाहेर, झाडांखाली, आपल्या पायांवर असतात.

डे लावेआगाची शेवटची, सत्ताविसावी टोपली सगळ्यांना माहीत आहे. तिचं नावच ‘जगाचा माथा’ अशा अर्थाचं आहे. इतका वेळ आपण झाडांच्या सावलीत, घळी चढत-उतरत आलेले असतो. आकाश तुकड्या-तुकड्यांनी दिसलेलं असतं. आणि मग टेकडीच्या माथ्यावर एकदम सगळं उघडं होतं. खाली शहराची घरं, त्यांच्यापलीकडे मॉन्टेरेचा उपसागर, आणि टोपली पार खाली, उतारावर, दीडशे मीटरहून लांब. इतका वेळ पुढचा आडोसा बघत फेकायचं होतं, इथे मोकळी हवा आहे. आणि तीच इथली खरी परीक्षा. उतारावरून सोडलेली तबकडी हवेत जास्त वेळ राहते, म्हणून शेवटचं वळणही जास्त घेते. वारा समोरून आला तर तो तिला उचलून उलथी करतो, मागून आला तर खाली दाबतो. म्हणून जाणते खेळाडू इथे आधी चिमूटभर गवत उडवून वारा बघतात, आणि मग फेकतात. बाकीचे सगळे फेकणं थांबवून नुसती तिच्याकडे बघत राहतात. ती जाते, जाते, जात राहते, आणि मग हळूच डावीकडे झुकते.

कोणाला करून पाहायचं असेल तर सुरुवात कशी करावी, ते थोडक्यात सांगून थांबते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, कॅनडात, युरोपात असेल, तर जवळच्या उद्यानात मार्ग आहे का ते विचारा. पुष्कळ मार्ग सार्वजनिक उद्यानांत आहेत आणि बऱ्याच ठिकाणी खेळायला पैसे पडत नाहीत. पहिल्या दिवशी दहा तबकड्या घेऊ नका. एकच घ्या, जाड कडेची, संथ उडणारी, हलक्या वजनाची. दहा ते वीस डॉलरमध्ये मिळते. रंग भडक घ्या, नारिंगी किंवा गुलाबी. हिरवी तबकडी गवतात सापडत नाही. तिच्यावर आपलं नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा, सापडली तर लोक फोन करून परत देतात. सपाट आणि छोट्या मार्गापासून सुरुवात करा, डे लावेआगासारखे चढउतार नंतर. गुडघेदुखी असेल तर धावत येऊन फेकू नका, उभ्यानेच फेका. पाण्याची बाटली आणि साखर असलेल्यांनी खिशात काहीतरी खायला ठेवा.

आणि तिकडे जायचं नसेल तर? पुठ्ठ्याची जुनी टोपली झाडाच्या बुंध्याशी ठेवा, नातवाची प्लॅस्टिकची तबकडी घ्या आणि गावाबाहेरच्या आमराईत किंवा शाळेच्या मागच्या झाडांमध्ये दोघींनी तिघींनी मिळून खेळा. हेड्रिकने टोपली बनवायच्या आधी सगळे असेच खेळत होते. फांदी मात्र मोडू नका, एवढा एक नियम पाळा.